पीएच.डी.वाल्यांना 'डॉक्टर' कधी म्हणावं?

हुमनाबाद तालुक्यातल्या दुबलगुंडीसारख्या गावात 'डॉक्टर' म्हटलं की सुई-गोळीच आठवते. इतिहासाच्या प्राध्यापकाच्या दारावर 'डॉ.' वाचून एखादी आजी तापलेलं लेकरू घेऊन आली, तर तिचं काय चुकलं? गंमत म्हणजे एमबीबीएस ही डॉक्टरेट नव्हेच. तिथं 'डॉक्टर' हा रूढ मान आहे. प्रबंध लिहून मिळते ती पीएच.डी.

गावोगावी ज्यांचे पुतळे आहेत त्या डॉ. आंबेडकरांनी कुठं नाडी तपासली? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधली डी.एस्सी. १९२३ची, कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. १९२७ची; दोन्ही अर्थशास्त्रातल्या. १९५३मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानं त्यांना मानद डी.लिट. दिली, तेव्हा दुबलगुंडीचा बिदर जिल्हा हैदराबाद राज्यातच होता.

विद्यापीठानं पदवी जाहीर केली की 'डॉ.' लावायला हरकत नाही. नुसता प्रबंध सादर करून नव्हे. वर्गात, व्याख्यानाच्या पत्रिकेवर, पुस्तकावर ते शोभतं. लग्नपत्रिकेत हौस म्हणून चालतं. दवाखान्यात किंवा अपघाताच्या जागी मात्र आधी आपला विषय सांगावा. तिथं गैरसमज जिवावर बेतू शकतो.

केवळ मानद पदवीवर नावामागं 'डॉ.' लावू नये, असा संकेत आहे. आपल्याकडं तो सर्रास मोडला जातो, आणि पैसे भरून शाल-प्रमाणपत्र घेणारेही बॅनरवर डॉक्टर होतात. यूजीसी कायदा, १९५६च्या कलम २२नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे.