मेणअळी आणि कॅरीबॅग

करकंबच्या शिवारात डाळिंबाला फुलं लागली की काही बागांत मधपेट्या येतात. माश्या कमी झालेली पेटी उघडली की कधीकधी आत भलताच संसार थाटलेला दिसतो. पोळ्यावर रेशमी जाळं, काळ्या लेंड्या आणि तपकिरी डोक्याच्या मळकट पांढऱ्या अळ्या. हा मेणपतंग. मधपेटीवाले चौकट झटकतात आणि अळ्या कोंबड्यांपुढे टाकतात. मी त्यातल्या मूठभर पातळ कॅरीबॅगेत घालून गाठ मारली. संध्याकाळी पिशवी उजेडात धरली तर चाळणी झालेली. निम्म्या अळ्या भिंतीवर कोष विणायला जागा शोधत होत्या.

स्पेनमध्ये काम करणाऱ्या फेडेरिका बेर्तोकिनी यांना हौसेने पाळलेल्या मधमाश्यांच्या पेट्या साफ करताना हेच दिसलं होतं. १०० अळ्यांनी १२ तासांत ९२ मिलिग्रॅम प्लॅस्टिक संपवलं, असं त्यांच्या गटाने २०१७ साली मांडलं. मेणातही कार्बनच्या लांब साखळ्याच असतात, तेव्हा पॉलिथिन या अळीला फारसं परकं नसावं. २०२२ मध्ये तिच्या लाळेत पॉलिथिनवर काम करणारी दोन विकरंही सापडली. पण भोक पाडणं वेगळं आणि पचवणं वेगळं. ही शंका जर्मन रसायनतज्ज्ञांनी २०१७ सालीच काढली होती.

आता रानातला हिशेब. चार फूट रुंद, ४०० मीटर लांब, २५ मायक्रॉनचा प्लॅस्टिकच्या मल्चिंग पेपरचा रोल भरतो साधारण ११ किलो. वरच्या वेगाने तो एका दिवसात संपवायला ६० लाख अळ्या लागतील. त्यांचे पतंग झाले की ते कुठे जाणार? मधपेट्यांकडेच!

राहिला अळ्यांच्या लेंडीचं खत करण्याचा मुद्दा. कोंड्यावर वाढवलेल्या अळ्यांच्या लेंडीत नत्र असतं, टाकलेल्या कातीतलं कायटिन असतं. असं खत झाडाला मानवतं. पिशवीतल्या लेंड्या मात्र मी ग्लासभर पाण्यात ढवळल्या. काळा गाळ खाली बसला आणि वर चकचकीत बारीक कण तरंगत राहिले. हे डाळिंबाच्या आळ्यात घालायची माझी तरी छाती नाही. त्यापेक्षा मल्चिंग पेपरच फाटायच्या आत गुंडाळावा, माती झटकून वाळवावा. चिखलाने माखलेल्या पेपरला भंगारवाला हात लावत नाही, मग तोच बांधावर पेटवला जातो.