क्लास डी ॲम्प्लिफायरचा आवाज खरंच कोरडा असतो का?

पांढुर्णा-सौंसरकडच्या बऱ्याच घरांत माळ्यावर अजूनही एखादा लाकडी पेटीतला ॲम्प्लिफायर सापडेल. कुण्या काकांनी किंवा मोठ्या भावाने नागपूरच्या बर्डीवरून पार्ट आणून तो घरीच जोडलेला. आत जडशीळ ट्रान्सफॉर्मर, टीडीए २०३० आयसी नाहीतर २एन३०५५ ट्रान्झिस्टर, आणि मागे हात पोळेल असा हीटसिंक. गणपतीत, भजनात, लग्नघरात या पेट्यांनी वर्षानुवर्षे साथ दिली.

आता त्याच घरातली पोरं तळहाताएवढा क्लास डी बोर्ड मागवतात, जुन्या लॅपटॉपचा चार्जर लावतात आणि तेच स्पीकर वाजवतात. मग घरात वाद सुरू होतो. मोठे म्हणतात, "आवाज मोठा आहे, पण गोडवा नाही." पोरं म्हणतात, "ऐकायची सवय नाही तुम्हाला." मी पेशाने सॉफ्टवेअरवाला असलो तरी सोल्डरिंगचा नाद कॉलेजपासूनचा आहे. माझ्या मते या वादात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे.

आत काय चालतं?

जुना ॲम्प्लिफायर अर्धवट उघडलेल्या नळासारखा चालतो. गाण्याच्या चढउताराप्रमाणे ट्रान्झिस्टर कमी-जास्त वीज सोडतो आणि अडवलेली वीज उष्णता होऊन जाते. घरगुती आवाजात तर निम्म्याहून जास्त वीज अशीच वाया जाते.

क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो, नाहीतर पूर्ण बंद. ही उघडझाप सेकंदाला लाखो वेळा होते. आवाज वर गेला की 'चालू'चा वेळ वाढतो, खाली आला की कमी होतो. शेवटी एक कॉइल आणि एक कॅपॅसिटर मिळून ही उघडझाप गाळतात आणि स्पीकरला गाणं मिळतं. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून हीटसिंक काडेपेटीएवढा पुरतो.

कल्पना जुनीच आहे. १९६४ साली इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीने 'एक्स-१०' नावाचा घरी जोडायचा क्लास डी संच विकला होता. पण त्या काळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाला पुरे पडत नव्हते आणि संच फसला. क्लास डीवर 'वाईट आवाजाचा' शिक्का बसला तो तेव्हापासून. पुढे ट्रान्झिस्टर सुधारले. बेल्जियमचे ब्रूनो पुत्झेइस यांच्यासारख्या अभियंत्यांनी अशी मांडणी केली की फिल्टरनंतरचा आवाज परत तपासून चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. आज महागड्या स्टुडिओ स्पीकरमध्येही क्लास डी असतो. म्हणजे दोष तत्त्वात नाही. मग आपल्या घरचा बोर्ड कोरडा का वाजतो?

पहिलं कारण: वॅटचा आकडा

टीपीए ३११६ ही या छंदातली सर्वांत लाडकी आयसी. तिच्या बोर्डावर '५० + ५० वॅट' लिहिलेलं असतं. हा आकडा २१ व्होल्ट, ४ ओहमचा स्पीकर आणि तब्बल १० टक्के विकृती धरून काढलेला आहे. १० टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेलाच.

खरा हिशेब सोपा आहे. व्होल्टचा वर्ग करा आणि ओहमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि ८ ओहमचा स्पीकर असेल तर १४४ भागिले १६, म्हणजे जास्तीत जास्त ९ वॅट. १९ व्होल्टचा लॅपटॉप चार्जर लावला तर साधारण २२. थोडं नुकसान धरलं तर २० वॅट स्वच्छ मिळतात, आणि बैठकीच्या खोलीला ते भरपूर आहेत. "आवाज फाटतो" ही तक्रार बऱ्याचदा १२ व्होल्टच्या अडॅप्टरची असते.

दुसरं कारण: फिल्टर

कॉइल आणि कॅपॅसिटरची जोडी ठरावीक ओहमच्या स्पीकरसाठी निवडलेली असते. ४ ओहमसाठीच्या फिल्टरला ८ ओहमचा स्पीकर लावला तर वरच्या पट्टीत उंचवटा येऊ शकतो. टाळ, खंजिरी, 'स' आणि 'श' टोचायला लागतात. स्वस्त बोर्डांवरच्या बारीक कॉइल तर जोराच्या ठेक्यावर दमतात आणि पखवाजाची थाप बसकी होते. आपल्या मंडळींना जो 'कोरडेपणा' जाणवतो, त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. जास्त करंट पेलणाऱ्या कॉइल घातल्या तर फरक कानाला कळतो.

तिसरं कारण: गुणगुण आणि खरखर

मोबाइल चार्जिंगला लावून त्याच मोबाइलवरून गाणं वाजवलं की गुणगुण येते. चार्जर काढल्यावर ती थांबली, तर दोष ॲम्प्लिफायरचा नाही, दोन चार्जरच्या ग्राउंडचा आहे.

रेडिओची गोष्ट वेगळी. हे बोर्ड ४०० किलोहर्ट्झ आणि त्याहून वर उघडझाप करतात. मध्यम लहरींचा पट्टाही तिथलाच, आणि आपल्याकडची ओळखीची नागपूर आकाशवाणी ५८५ किलोहर्ट्झवरची. शेजारी ट्रान्झिस्टर ठेवला तर तो खरखरणारच. स्पीकरच्या तारा आखूड ठेवा, पिळून घ्या आणि बोर्ड धातूच्या डब्यात बसवा.

आपल्याकडे याचा फायदा काय?

गावाकडे विजेचा दाब संध्याकाळी पडतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीची ताकद त्याबरोबर घटते. चांगला लॅपटॉप चार्जर मात्र १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही मिळालं तरी १९ व्होल्टच देतो. वीज गेली तर १२ व्होल्टच्या बॅटरीवरही हा बोर्ड बराच वेळ चालतो. मंदिरातल्या भजनाला हे फार उपयोगी आहे.

पण एक खबरदारी घ्या. जुन्या पेटीत दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र जोडायची पद्धत होती. या बोर्डांत काळी तार म्हणजे ग्राउंड नव्हे, तीही चालती तार असते. त्या एकत्र केल्या किंवा डब्याला टेकवल्या तर आयसी जाऊ शकते.

वाद मिटवायचा कसा?

दोन्ही ॲम्प्लिफायर एकाच स्पीकरवर, एकच रेकॉर्डिंग लावून ऐका. आवाज दोन्हींचा अगदी सारखा ठेवा, कारण जरासा मोठा असलेला आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप एवढ्याला पुरतं. प्रत्येक बदलाआधी वीज बंद करा. कोणता लावला आहे हे ऐकणाऱ्याला सांगू नका.

परीक्षेसाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं एखादं खंजिरी भजन घ्या. खंजिरीचा छणकारा टोचतो का, शब्द स्वच्छ कळतात का आणि अर्ध्या तासाने कान थकतो का, या तीन गोष्टी बघा. घरातल्या ज्येष्ठांना यात जरूर बसवा. वयानुसार बारीक आवाज कमी ऐकू येतात, पण शब्द अस्पष्ट झाला की सर्वांत आधी तेच सांगतात.

माझा कौल असा: १९ व्होल्टचा चांगला सप्लाय, जाड कॉइल आणि योग्य ओहमचा स्पीकर असेल तर साधा क्लास डी बोर्ड जुन्या टीडीए २०३०च्या पेटीच्या बरोबरीने वाजतो, बऱ्याचदा पुढेच जातो. पैसे उरले तर जास्त वॅटच्या बोर्डावर घालू नका, स्पीकरवर घाला. ८६ ऐवजी ८९ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला तर ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केल्याइतका फरक पडतो.

आणि माळ्यावरची ती जुनी पेटी भंगारात देऊ नका. तिचा लाकडी डबा आणि स्पीकर अजून धडधाकट असतील. नवा बोर्ड त्याच डब्यात, धातूच्या पत्र्याचं अस्तर देऊन बसवा. जोडताना काकांनाही सोबत घ्या. तार कुठून कुठे जाते, हे त्यांना आजही पाठ असेल.