मालागाचा 'कसबा'

विमान खाली येऊ लागले तेव्हा खिडकीतून आधी भूमध्य समुद्र दिसला, मग डोंगर आणि दोघांच्या मध्ये दाटीवाटीने वसलेले शहर. कोकणातल्या माणसाला ही मांडणी ओळखीचीच. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही नातलगांकडे स्पेनमधल्या मालागाला गेलो होतो.

पहिला धक्का घड्याळाने दिला. रात्रीचे नऊ वाजले तरी लख्ख उजेड! मगरिबची नमाज सव्वानऊनंतर आणि इशापर्यंत मुले पेंगायला लागलेली. दुसरा धडा खाण्याचा. इथे साध्या वाटाण्याच्या भाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, त्यामुळे 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही, नीट विचारावे लागते. पण किनाऱ्यावर गेलो आणि चिंता मिटली. वाळूने भरलेल्या जुन्या होडीत लाकडे पेटवलेली आणि आगीशेजारी बांबूसारख्या काडीत ओवलेल्या सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीची सख्खी बहीण! मसाला नाही, फक्त जाडे मीठ. बोटे चाटून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या किल्ल्यावर गेलो. त्याचे नाव 'अलकासाबा', म्हणजे अरबी 'अल-कसबा'. आपल्या कोकणात गावोगावी असलेला कसबा तो हाच! अकराव्या शतकातल्या या किल्ल्यात नालाकृती कमानी, पाण्याचे पाट आणि संत्र्याची झाडे आहेत. मालागा पावणेआठशे वर्षे मुस्लिम अमलाखाली होते. ऑगस्ट 1487 मध्ये, काही महिन्यांच्या वेढ्यानंतर, उपासमारीने टेकीला येऊन ते पडले. बहुतेक रहिवाशांना गुलाम करण्यात आले. मोठ्या मशिदीच्या जागी पुढे कॅथेड्रल उभे राहिले. त्याचा एक मनोरा अपुराच राहिला, म्हणून लोक त्याला 'एका हाताची बाई' म्हणतात.

उर्दूच्या तासाला अंदलुसविषयी बोलताना माझा आवाज आपोआप चढतो. त्यामुळे मुलाने, "अम्मी, हे सगळं आपलं होतं ना?" असे विचारले तेव्हा 'हो' अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात समोरच्या कमानीच्या खांबांकडे लक्ष गेले. ते रोमन होते. किल्ल्याच्या पायथ्याशी पहिल्या शतकातले रोमन नाट्यगृह आहे. ते शतकानुशतके गाडलेले राहिले आणि 1951 मध्ये पुन्हा सापडले. किल्ला बांधणाऱ्यांनी तिथलेच खांब आणि दगड वर आणून वापरले होते. मी मुलाला म्हटले, "आपल्याआधी कुणाचं तरी होतं, आपल्यानंतर कुणाचं तरी झालं."

खाली शहरातल्या मंडईत याचेच उत्तर लिहिलेले सापडले. मंडईचे नाव 'आतारासानास', मूळ अरबी 'दार अस्-सनाआ', म्हणजे कारखाना. उर्दूतला 'सनअत' हा शब्द त्याच घरातला. पूर्वी इथवर समुद्र होता आणि इथे जहाजे बांधली जात. त्या गोदीचा संगमरवरी दरवाजा आज मंडईचे प्रवेशद्वार आहे. त्यावरच्या ढालींवर अरबीत कोरले आहे : विजयी फक्त अल्लाहच. ज्या राजघराण्याचे हे ब्रीद होते, ते राज्य गेले. वाक्य मात्र खरेच ठरले.

मग गेले ते गेले आणि राहिले काय? राहिले शब्द आणि इल्म. स्पॅनिशमध्ये साखर म्हणजे 'आसुकार', तांदूळ 'आरोस', कापूस 'आल्गोदोन', तेल 'आसेइते'. सगळे अरबीतून आलेले. याच शहरात जन्मलेल्या इब्न अल-बैतार यांनी सुमारे 1400 वनस्पती, खाद्यपदार्थ व औषधांची माहिती एका ग्रंथात वर्णानुक्रमाने मांडली. 1248 मध्ये ते दमिश्कमध्ये वारले, पण त्यांचे काम पुढची कित्येक शतके हकिमांच्या उपयोगी पडले.

निघताना मंडईतल्या फळवालीला मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटले, "पुन्हा येऊ." ती हसून म्हणाली, "ओहाला!" हा शब्दही 'अल्लाहने इच्छिले तर' अशा अर्थाच्या अरबी बोलातूनच आला आहे. तिला हे ठाऊक असो वा नसो, माझ्या तोंडून आपसूक निघाले, "इन्शाअल्लाह."