विश्लेषण : जुन्या ‘मॅक’ला व्हायरसचा धोका किती? अँटिव्हायरस पुरेसा आहे का?

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे आठवतात. या दोन्ही धंद्यांच्या आधाराने कापडाची डिझाइन करणारे, लेबले-खोके-पत्रिका छापणारे, फोटो काढणारे असे अनेक छोटे व्यावसायिक काम करतात. अशा कामांत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला किंवा ‘सेकंडहँड’ मिळालेला ॲपलचा मॅक संगणक अजूनही रोज वापरला जातो. त्याच संगणकावर जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते, बँकेचे व्यवहार होतात आणि ग्राहकांच्या फाइलीही तिथेच असतात. एके दिवशी पडद्यावर ‘तुमच्या मॅकमध्ये व्हायरस आहे’ अशी सूचना झळकते. ती खरी की खोटी, आणि पुढे काय करायचे?

मॅकला व्हायरस लागत नाही, हे खरे का?

नाही. विंडोजच्या तुलनेत मॅकसाठी बनवलेले मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, बरीच वर्षे कमी होते. त्यामुळे हा समज रुजला. २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने त्याला तडा दिला. जावातील एका त्रुटीचा फायदा घेऊन हा मालवेअर जगभरातील सुमारे सहा लाख मॅकमध्ये शिरला. ओरॅकलने ही त्रुटी फेब्रुवारीत दुरुस्त केली होती, पण मॅकसाठीची दुरुस्ती ॲपलने एप्रिलमध्ये दिली. त्याच वर्षी मॅकला ‘पीसीचे व्हायरस लागत नाहीत’ हे वाक्य ॲपलने आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले. मार्च २०१६ मध्ये ‘केरेंजर’ आला. तो ‘ट्रान्समिशन’ या नेहमीच्या वापरातील प्रोग्राममधून शिरे, तीन दिवस गप्प बसे आणि मग फाइलींना कुलूप लावून एक बिटकॉइन खंडणी मागे. मॅकवरील मालवेअरचे प्रमाण आपल्याला मान्य होण्यासारखे नाही, असे ॲपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनीच मे २०२१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात सांगितले होते.

संगणक जुना झाला की धोका का वाढतो?

मॅकचे पहिले संरक्षण त्याच्या आतच असते. ‘एक्सप्रोटेक्ट’ ही ओळखीचे मालवेअर अडवणारी यंत्रणा २००९ पासून आहे. अनोळखी प्रोग्राम उघडण्याआधी हटकणारा ‘गेटकीपर’ २०१२ मध्ये आला. प्रणालीच्या मूळ फाइलींना हात लावू न देणारे संरक्षण २०१५ च्या ‘एल कॅपिटन’पासून मिळाले. शिरलेले मालवेअर शोधून काढणारी नवी यंत्रणा ‘कॅटालिना’ आणि त्यापुढील आवृत्त्यांवरच चालते. म्हणजे प्रणाली जितकी जुनी, तितके हे कडे विरळ.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ॲपल साधारणपणे मॅकओएसच्या ताज्या तीन आवृत्त्यांनाच सुरक्षेची दुरुस्ती देते. नव्या आवृत्तीतील त्रुटी दुरुस्त झाली की ती जगाला कळते. जुन्या आवृत्तीत मात्र ती बऱ्याचदा तशीच उघडी राहते.

आपला मॅक ‘जुना’ झाला, हे कसे ओळखावे?

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातील सफरचंदावर क्लिक करून ‘अबाउट धिस मॅक’ उघडावे. तिथे संगणकाचे वर्ष आणि प्रणालीची आवृत्ती दिसते. २०१२ चा मॅकबुक प्रो अधिकृतपणे कॅटालिनाच्या पुढे जात नाही, आणि कॅटालिनाची सुरक्षा दुरुस्ती २०२२ मध्ये थांबली. २०१७ चा मॅकबुक एअर ‘मॉन्टेरे’वर अडतो. मॉन्टेरेची दुरुस्तीही २०२४ मध्ये थांबली. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली ‘टाहो’ ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केले आहे. इंटेलचे मोजकेच मॅक ती चालवू शकतात.

ब्राउझरही पाहावा. कॅटालिनावर क्रोमची १२८ वी आवृत्ती शेवटची ठरली, तर ‘बिग सर’वर १३८ वी. इंटरनेटवरचा बहुतेक धोका ब्राउझरच्या वाटेने येतो. म्हणून दुरुस्ती थांबलेल्या ब्राउझरवर बँकेचे काम करणे टाळावे.

लोक जुनी प्रणाली सोडत का नाहीत?

खर्च हे एक कारण आहेच. दुसरे कारण कामातच आहे. २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटचे प्रोग्राम चालणे बंद झाले. पेटीत विकत मिळणारी ॲडोबीची जुनी सॉफ्टवेअर, जुने प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टवर केलेल्या वर्षानुवर्षांच्या फाइली यांवर ज्यांचा धंदा चालतो, ते प्रणाली बदलायला कचरतात. ही भीती निराधार नाही. म्हणूनच सरसकट ‘अपडेट करा’ एवढा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही.

न्हावा शेव्यातील घटना काय सांगते?

जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ने जगभरातील कंपन्यांना वेठीस धरले. त्यात मर्स्क समूहही होता. त्यामुळे जेएनपीटीतील या समूहाच्या टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरची कामे हाताने करावी लागली. भिवंडीच्या गोदामांचा माल ज्या बंदरातून येतो-जातो, तिथे हे घडले. तो हल्ला विंडोजवरचा होता, मॅकवरचा नाही. पण त्यातील एक वाट ज्या त्रुटीतून गेली, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. चोरलेले पासवर्ड ही दुसरी वाट होती. दुरुस्ती न केलेली यंत्रे आणि सांभाळून न ठेवलेले पासवर्ड या दोन्ही गोष्टी छोट्या दुकानातही असतात.

मालवेअर शिरतो कुठून?

बहुतेक वेळा मालकच त्याला दार उघडून देतो. चोरीचे म्हणजे ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर ही सर्वात जुनी वाट. जानेवारी २००९ मध्ये ॲपलच्या ‘आयवर्क ०९’च्या चोरट्या प्रतींतून मालवेअर पसरवला गेला होता. दुसरी वाट खोट्या अपडेटची. ‘फ्लॅश प्लेअर अपडेट करा’ या सूचनेआडून ‘श्लेयर’ अनेक मॅकमध्ये शिरला. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचे बंद झाले. त्यामुळे आज अशी सूचना आली तर ती खोटीच समजावी.

तिसरी वाट अलीकडची आहे. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असे सांगून एखादे संकेतस्थळ काही मजकूर कॉपी करून ‘टर्मिनल’मध्ये टाकायला लावते. तो मजकूर म्हणजे संगणकाला दिलेला आदेश असतो. २०२३ मध्ये उघड झालेला ‘ॲटॉमिक स्टीलर’ हा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि क्रिप्टो पाकिटे चोरतो. टेलिग्रामवर तो महिन्याला हजार डॉलर भाड्याने दिला जात होता. टर्मिनलमध्ये काही टाकायला लावणाऱ्या अनोळखी संकेतस्थळाला तिथेच बंद करावे.

संगणक मंदावला म्हणजे व्हायरस आला का?

नेहमीच नाही. दहा वर्षांची हार्ड डिस्क, चार जीबी रॅम, फुगलेली बॅटरी ही मंदावण्याची नेहमीची कारणे. यंत्रमागाच्या परिसरात हवेत कापसाचे तंतू असतात. ते पंख्यात अडकले की मॅक तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. आधी ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’ उघडून कोणता प्रोग्राम सर्वाधिक ताकद खातो, ते पाहावे.

कोपऱ्यात सतत येणाऱ्या ‘व्हायरस आढळला’ या सूचनाही पुष्कळदा मालवेअर नसतात. एखाद्या संकेतस्थळाला नकळत ‘नोटिफिकेशन’ची परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढली की सूचना थांबतात. मुखपृष्ठ आपोआप बदलणे, न टाकलेली एक्स्टेन्शन दिसणे, ‘लॉगिन आयटम्स’मध्ये अनोळखी नाव असणे किंवा सेटिंगमध्ये आपण न टाकलेले ‘प्रोफाइल’ सापडणे, ही मात्र खरी लक्षणे आहेत.

अँटिव्हायरस घ्यावा का?

अँटिव्हायरसचा उपयोग आहे, पण मर्यादित. तो ओळखीचे मालवेअर पकडतो. प्रणालीतील उघडी त्रुटी तो बुजवू शकत नाही. शिवाय नामांकित कंपन्यांच्या नव्या आवृत्त्याही जुन्या मॅकओएसवर चालत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी आपली प्रणाली त्यांच्या यादीत आहे का, हे तपासावे. पुण्यात संगणक दुरुस्तीच्या दुकानातून उभ्या राहिलेल्या ‘क्विक हील’चेही मॅकसाठी उत्पादन आहे. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस ठेवू नयेत. जुना संगणक त्यांच्या ओझ्यानेच बसतो. सतत पहारा देणारा अँटिव्हायरस जड जात असेल, तर आठवड्यातून एकदा तपासणी करणारे साधन पुरे. ‘नॉकनॉक’ हे मोफत साधन संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची यादी दाखवते.

‘मॅक साफ करा, वेगवान करा’ अशा जाहिरातींपासून मात्र सावध राहावे. मोफत तपासणीत दोष फुगवून दाखवल्याच्या आरोपावरून ‘मॅककीपर’ बनवणाऱ्या कंपनीवर अमेरिकेत खटला झाला. २०१५ मध्ये तो २० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची मोफत साधने मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी आहेत.

मालवेअर सापडलाच तर काय करावे?

सर्वप्रथम वायफाय बंद करावे. पासवर्ड बदलायचे ते त्या संगणकावरून नव्हे, मोबाइलवरून. आधी ईमेलचा, मग बँकेचा, मग जीएसटीचा. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. पडद्यावर दिसणाऱ्या ‘सपोर्ट’च्या क्रमांकावर फोन करू नये आणि कुणालाही दुरून संगणकाचा ताबा देऊ नये.

मग फक्त कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात, प्रोग्राम घेऊ नयेत. इंटेलचा मॅक सुरू करताना ‘कमांड’ आणि ‘आर’ ही बटणे दाबून ठेवली की ‘रिकव्हरी’ उघडते. तिथून डिस्क पुसून प्रणाली नव्याने टाकता येते. एकेक मालवेअर शोधत बसण्यापेक्षा हा मार्ग अधिक खात्रीचा. प्रोग्राम पुन्हा टाकताना ते मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावेत.

नवा मॅक परवडत नसेल तर?

कामे वाटून घ्यावीत. जुन्या फाइली आणि जुने सॉफ्टवेअर यांसाठी तोच मॅक ठेवावा, पण इंटरनेटपासून तोडून. बँक, जीएसटी आणि ईमेल यांसाठी दुरुस्ती मिळत असलेला मोबाइल किंवा दुसरा संगणक वापरावा. ज्यांना जुन्या सॉफ्टवेअरची गरज नाही, त्यांना इंटेलच्या मॅकवर ‘लिनक्स मिंट’सारखी मोफत प्रणाली टाकता येते. ‘ओपनकोअर लेगसी पॅचर’ने जुन्या मॅकवर नवी मॅकओएसही चालते, पण हा मार्ग ॲपलला मान्य नाही आणि त्यासाठी काही अंगभूत संरक्षण सैल करावे लागते.

सगळ्यात स्वस्त संरक्षण म्हणजे कामाच्या फाइलींची दुसरी प्रत. ती बाहेरच्या डिस्कवर असावी आणि प्रत घेऊन झाली की डिस्क काढून ठेवावी. खंडणीखोर मालवेअर जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावू शकतो, कपाटातल्या डिस्कला नाही.