चार पायांची ठेव

दिवाळीच्या सुट्टीला पंधरा-वीस दिवस उरले की शहरातल्या अनेक घरांत एक प्रश्न निघतो. गाडीची तिकिटं काढून झालेली असतात, कोकणातली खोली ठरलेली असते, कुंड्यांना पाणी घालायला शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायचंही ठरलेलं असतं. मग कोणीतरी टेबलाखाली पसरलेल्या जिवाकडे बघतं आणि म्हणतं, "आणि ह्याचं काय?"

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण कुत्रा असा एका घराचा नसायचाच. वाड्यातला मोती चार बिऱ्हाडांचा असे. एक बिऱ्हाड गावाला गेलं तर उरलेल्या तिघांच्या शिळ्या भाकरीवर त्याचं भागे. त्याची जागा उंबऱ्याच्या बाहेर होती. वाडे पडले, फ्लॅट आले आणि कुत्रा उंबऱ्याच्या आत आला. आत आला तो थेट पलंगावर! घरातली माणसं मात्र कमी होत गेली. दोघंही नोकरीला, मुलं शाळा-क्लासला, आजी-आजोबा दुसऱ्या गावी. २०२०च्या टाळेबंदीत घरून काम करणाऱ्या कित्येकांनी हौसेने पिल्लं आणली. त्या पिल्लांनी रिकामं घर कधी पाहिलंच नव्हतं. मग कचेऱ्या पुन्हा उघडल्या आणि एके दिवशी सकाळी नऊ वाजता दार बाहेरून बंद झालं.

कुत्र्यांच्या पाळणाघरांना आणि वसतिगृहांना गिऱ्हाईक मिळालं ते असं. पाळणाघरात कुत्रा सकाळी सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. वसतिगृहात तो चार दिवस, पंधरा दिवस मुक्कामाला राहतो. कुठे बंगल्याच्या आवारात पाच-सहा कुत्री, कुठे शहराबाहेर एकरभर जागेत जाळीच्या खोल्यांची ओळ. कुठे वातानुकूलित खोल्या, पोहायचा हौद आणि मालकाला मोबाइलवर दिसणारा कॅमेरा. हे बघून आमच्या पिढीतली माणसं हसतात. मीही हसलो असतो. पण लेकीचा लॅब्रॅडोर वर्षातून दोन-तीनदा पुण्याबाहेर मुळशीच्या रस्त्याला अशाच एका ठिकाणी राहतो, आणि त्याला पोचवणं-आणणं निवृत्त माणसाच्या वाट्याला येतं. तिथल्या बाकावर बसून जे पाहिलं, त्याने हसू मावळलं आणि जुना अभ्यास आठवला.

हा अभ्यास बँकेतल्या बढतीच्या परीक्षेचा. १८७२च्या भारतीय करार कायद्यात एक प्रकरण आहे, इंग्रजीत त्याला बेलमेंट म्हणतात. आपली वस्तू विश्वासाने दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. इस्त्रीला दिलेले कपडे, दुरुस्तीला दिलेलं घड्याळ, सोन्यावर कर्ज देताना बँकेने ठेवून घेतलेल्या पाटल्या, सगळे त्यातच येतात. कायद्याच्या हिशेबी कुत्रा ही मालकाची मालमत्ता, म्हणून वसतिगृहात सोडलेला कुत्राही त्यातच. ज्याच्याकडे वस्तू दिली त्याने ती किती जपावी, हे कलम १५१ सांगतं. साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःची तशीच वस्तू जितकी जपेल, तितकी. त्याच प्रकरणात कलम १६३ आहे. त्याचं उदाहरण परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाच्या लक्षात राहायचं. सांभाळायला दिलेली गाय तिथेच व्याली, तर परत देताना वासरूही द्यायला हवं! म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जिवंत ठेव होती.

पण या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं ते कलम १५०. ठेवणाऱ्याचंही एक कर्तव्य त्यात सांगितलं आहे. आपल्या वस्तूत एखादा दोष आहे, त्यापासून सांभाळणाऱ्याला धोका पोचू शकतो, आणि हे आपल्याला ठाऊक आहे, तर ते आधी सांगायला हवं. न सांगितल्यामुळे नुकसान झालं तर जबाबदारी ठेवणाऱ्याची. मुळशीच्या रस्त्यावरच्या त्या जागेत सर्वांत जास्त मोडलं जातं ते हेच कलम.

कुत्रा ठेवताना तिथे दोन पानांचा अर्ज भरून घेतात. कधी कोणाला चावला आहे का? खाताना जवळ कोणी आलेलं चालतं का? फटाक्यांना घाबरतो का? फीट येते का? बहुतेक मालक उभ्याउभ्याच "नाही, चालतं, नाही, नाही" असं लिहून मोकळे होतात. स्थळाकडे पत्रिका पाठवताना मंगळ झाकावा तसला हा प्रकार. खरं लिहिलं तर कुत्र्याला ठेवून घेणार नाहीत ही भीती असते. आणि आपल्या लेकराबद्दल वाईट कसं लिहायचं, हे प्रेमही असतं. तिथे काम करणारा लातूरकडचा तरुण मला म्हणाला, "काका, चावणारा कुत्रा परवडला. चावतो हे माहीत असलं म्हणजे आपण तसं वागतो. भीती वाटते ती 'अजिबात चावत नाही'वाल्याची." त्याच्या डाव्या मनगटावर टाक्यांची खूण आहे. ती अशाच एका 'अजिबात नाही'ची.

त्यानेच सांगितलेली दुसरी हकीकत. फटाक्यांच्या रकान्यात 'नाही' लिहून सोडलेला एक कुत्रा लक्ष्मीपूजनाच्या रात्री लांबच्या गावातले आवाज ऐकून पुरुषभर उंचीची जाळी चढून पसार झाला. दोन मुलं विजेरी घेऊन पहाटे तीनपर्यंत माळावर हाका मारत फिरली, तेव्हा तो मोरीच्या नळात थरथरत बसलेला सापडला. आधी कळलं असतं तर त्याला आतल्या खोलीत, पडदे लावून, सोबतीला माणूस ठेवून बसवलं असतं. एका शब्दाचा प्रश्न होता.

लसींचंही तसंच. रेबीजची लस टोचलेली असतेच, पण डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो आणि खोकल्याच्या लसींचं कार्ड मागितलं की लोक कुरकुरतात. एकत्र राहणाऱ्या कुत्र्यांत खोकला एका शिंकेसरशी पसरतो. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही, त्याला पाण्यात मिसळलेलं ब्लीच लागतं. एका पिल्लाच्या आजाराने सगळी जागा बंद ठेवायची वेळ येते. शिवाय लस टोचली आणि लगेच संरक्षण मिळालं असं होत नाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांकडे धावण्यात अर्थ नसतो. गोचिडांचं औषधही सोडण्याआधीच लावायला हवं. गोचिडातून येणारा ताप आपल्याकडे कुत्र्यांचे जीव घेतो.

आता तिथल्या कामाविषयी. मालकाला मोबाइलवर दिसतो तो मजेत धावणारा कुत्रा. त्याच्यामागचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. एकेक खोली उघडायची, कुत्रा मोकळा करून आणायचा, खोली धुवायची, पाण्याचं भांडं घासायचं. शी कशी झाली तेही बघायचं, कारण पहिली बातमी तिथेच कळते. खाणं प्रत्येकाला वेगळं आणि वेगळ्या जागी, कारण बहुतेक मारामाऱ्या खाण्यावरून, खेळण्यावरून किंवा फाटकाशी होणाऱ्या गर्दीत होतात. कोणाला चिकन-भात, कोणाला डॉक्टरांनी सांगितलेलं सुकं खाणं, कोणाला गोळी पोळीच्या तुकड्यात लपवून. मग आकाराने आणि स्वभावाने जमणारी कुत्री गटागटाने मैदानात सोडायची.

मैदानातलं काम म्हणजे सतत वाचत राहणं. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर केला, तर ते खेळायचं आमंत्रण. अंग ताठ, तोंड मिटलेलं आणि नजर एका जागी रुतलेली असेल, तर पुढच्या क्षणी दात. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खुशीत आहे हा आपला समज तिथे पहिल्याच आठवड्यात जातो. ताठ, उंच धरलेली शेपटी थरथरते तीही हलतेच की! आणि भांडण लागलंच, तर मध्ये हात घालायचा नाही. पाण्याची बादली, मोठा आवाज, मध्ये सरकवलेली फळी. चावा बसलाच, तर आधी पंधरा मिनिटं साबणाने आणि वाहत्या पाण्याने जखम धुवायची, मग दवाखाना. या मुलांनी रेबीजची लस कामाला लागण्याआधीच घेतलेली असायला हवी. चांगल्या जागी ती मालक स्वखर्चाने देतो. बंदिस्त जागेत एकदम भुंकणाऱ्या कुत्र्यांचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. दिवसचे दिवस त्यात काढणाऱ्यांच्या कानांचा विचार किती ठिकाणी होतो, हेही विचारायला हवं.

आणि रात्र? माझ्या मते चांगल्या आणि वाईट जागेतला फरक रात्री कळतो. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याच्या पोटाला कधीकधी पीळ पडतो. पोट टम्म फुगतं, ओकारी येते पण काही पडत नाही. अशा वेळी हातात काही तासच असतात. वातानुकूलन यंत्र ते बघत नाही आणि रेकॉर्डिंग करणारा कॅमेराही उठून डॉक्टरांना फोन करत नाही. शेजारच्या खोलीत झोपलेला, कुत्र्याचा नेहमीचा आवाज ओळखणारा माणूस तेवढा ते करतो. उन्हाळ्यात चपट्या नाकाच्या पगला दुपारी धाप लागली, तर ती साधी की उष्माघाताची, हेही तोच सांगतो. तेव्हा जागा बघायला गेल्यावर हौदाची खोली विचारण्याआधी रात्री इथे कोण असतं आणि जवळचा डॉक्टर किती अंतरावर आहे, हे विचारावं.

कुत्र्याला यातलं काय वाटतं? बहुतेक कुत्री पहिले दोन-तीन दिवस कमी खातात, दाराकडे तोंड करून बसतात. मग दिवसाला वळण लागतं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना जागेपणी एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवलं आणि वेगवेगळे वास दिले. आनंदाच्या अपेक्षेशी जोडलेला मेंदूचा भाग सर्वांत जास्त जागा झाला तो ओळखीच्या माणसाच्या वासाने, आणि तो माणूस त्या खोलीत नव्हता. म्हणून कुत्र्याबरोबर नवी गादी देऊ नये. घरातली जुनी, न धुतलेली चादर द्यावी. रोजच्या पाळणाघराचंही तारतम्य हवं. कुत्रा हा दिवसातला बराच वेळ झोपणारा प्राणी आहे. आठ तास धावडवलेला कुत्रा घरी येऊन निपचित पडतो ते नेहमी सुखाचं नसतं. काही प्रौढ कुत्र्यांना तर गर्दीच नको असते. त्यांना दुपारी घरी येऊन फिरवून आणणारं माणूस पुरतं.

शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी, ती तिथल्या वहीत दिसते. वहीत 'नेण्याची तारीख' असा रकाना आहे. काही ओळींत तो कोराच राहतो. फोन आधी वाजत राहतो, मग लागेनासा होतो. बदली झाली, परदेशची नोकरी लागली, बाळ झालं, घटस्फोट झाला, आणि कुत्रा तिथेच राहिला. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. बँकेत दहा वर्षं कोणी मागायला आलं नाही, तर ठेव रिझर्व्ह बँकेने २०१४मध्ये काढलेल्या निधीत जाते, आणि वारसाला ती नंतरही मागता येते. कुत्र्याच्या बाबतीत दहा वर्षं म्हणजे जवळजवळ सगळा जन्म.

त्या जागेत आज अशी तीन कुत्री आहेत. त्यांतली एक म्हातारी पॉमेरेनियन. मोटार फाटकाशी थांबली की ती अजून उठते, उतरणारं माणूस बघते आणि पुन्हा बसते. तिच्या खाण्याचे पैसे कोणी देत नाही. रात्री ती लातूरच्या त्या मुलाच्या खाटेखाली झोपते. "हिचा अर्ज मीच भरला काका," तो हसून म्हणाला, "मालकाच्या जागी माझंच नाव टाकलं."

तेव्हा या दिवाळीत कुत्र्याला कुठे सोडायला गेलात, तर अर्धा तास हाताशी ठेवून जा. अर्ज बसून भरा, आणि जे लिहायला जड जातं तेच आधी लिहा. रात्री जो माणूस तिथे असणार आहे, त्याला भेटा, त्याचं नाव विचारा आणि आपला नंबर त्याच्याकडेही द्या. परत येताना कुत्र्यासाठी नव्या पट्ट्याआधी त्याच्यासाठी मिठाईचा पुडा घ्या. आणि ज्या तारखेला नेतो म्हणून लिहिलं असेल, त्या तारखेला जा.