हवा गेली तरी चालणारे टायर

चिपळूणहून कराडकडे निघालो की कुंभार्ली घाट लागतो. ऐन पावसाळ्यात, धुक्यात, वळणावर पंक्चर झाले तर स्टेपनी बदलायला सपाट जागाही मिळत नाही. रन-फ्लॅट टायर अशाच प्रसंगासाठी आहेत.

साध्या टायरमध्ये गाडीचे वजन मुख्यतः आतली दाबलेली हवा पेलते. हवा गेली की टायरच्या बाजू दुमडतात आणि रिम रबर चिरत जाते. रन-फ्लॅटमध्ये या बाजूंना आतून जाड, ताठ, उष्णता सोसणाऱ्या रबराचा थर असतो. हवा नसताना वजन तोच पेलतो. बहुतेक कंपन्या ताशी 80 किलोमीटरच्या आत राहून सुमारे 80 किलोमीटरची मुभा देतात. मात्र प्रत्येक फेऱ्यात रबर वाकते, तापते. भरलेली गाडी, चढ आणि वळणे असली की हे अंतर घटते. म्हणून घाटात 80 चा आकडा धरून चालू नये.

हे टायर महाग असतात, खड्ड्यांत दणके जास्त देतात. हवा गेल्याचे हाताला कळतही नाही, त्यामुळे गाडीत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा हवीच.

साधा टायर अचानक बसला तर करकचून ब्रेक मारू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, चारही इंडिकेटर लावा आणि वळण ओलांडून थांबा. उतारावर जॅक लावू नका. रिम खराब झाली तर पैसे जातील, पण वळणावर थांबून जीव धोक्यात घालू नका.