वैशाखात उणे चाळीस

आटगावला हायवेच्या कडेला मे महिन्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा. डांबर मऊ पडलंय, माहुली किल्ल्याचे सुळके झळांमध्ये थरथरताहेत, पत्र्याच्या शेडखाली एक एसयूव्ही बॉनेट उघडून उभी आहे आणि तिला जोडलेला स्कॅनर सांगतोय, इंजिनातलं पाणी उणे चाळीस अंश सेल्सिअसला आहे. पंखा मात्र जिवाच्या आकांताने फिरतोय.

पहिल्यांदा पाहणारा माणूस हसतो आणि स्कॅनर बिघडला म्हणतो. स्कॅनर ठणठणीत असतो. त्या आकड्यात एक नेमकी बातमी दडलेली असते, आणि ती वाचता आली की इंजिनाच्या कोडांची अर्धी विद्या हाती येते.

इंजिनाच्या अंगातून कूलंट खेळतं. आपण अजूनही त्याला पाणीच म्हणतो. त्यात बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर बुडवलेला असतो. त्याच्या पोटातला मणी तापला की विजेला होणारा त्याचा विरोध उतरतो : वीस अंशाला साधारण अडीच हजार ओहम, तर ऐंशी अंशाला तीनशेच्या आसपास. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ईसीएम, त्या मण्याकडे पाच व्होल्ट सोडतो आणि किती शिल्लक राहिले ते पाहतो. जास्त शिल्लक म्हणजे इंजिन गार, कमी शिल्लक म्हणजे गरम. आता वायरच तुटली तर? पाचच्या पाच व्होल्ट जागेवर. कॉम्प्युटरच्या लेखी याहून गार काही असूच शकत नाही. स्कॅनरशी बोलायच्या ठरलेल्या भाषेत तापमान ० ते २५५ अशा आकड्यांत पाठवतात आणि वाचणाऱ्याने त्यातून चाळीस वजा करायचे असतात. गारठ्याचं शेवटचं टोक म्हणजे शून्य. शून्यातून चाळीस गेले. वायर तुटल्याची खबर अशी थंडीचं सोंग घेऊन येते. खरं तापमान कळत नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर सावधपणे पंखा चालूच ठेवतो. न दिसणाऱ्या तापाला घाबरून आई रात्रभर घड्या ठेवत बसते, तसं.

सोबत कोड येतो पी०११८. त्याचा शब्दशः अर्थ एवढाच : कूलंट तापमानाच्या सर्किटमधून येणारा इशारा फार वरचा. यात 'सेन्सर खराब' असं कुठेही लिहिलेलं नाही. तरी आपण ते वाचतो, नवा सेन्सर आणतो, बसवतो आणि दुसऱ्या दिवशी दिवा परत पेटतो. जाणता फिटर आधी सेन्सरचा कपलर काढतो आणि कपलरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडतो. स्कॅनरवरचा आकडा उणे चाळीसवरून उडी मारून उष्णतेच्या दुसऱ्या टोकाला गेला, तर वायरिंग ठीक आहे, सेन्सर मेला आहे. आकडा ढिम्म हलला नाही, तर सेन्सर बिचारा निर्दोष. वायर वाटेत कुठेतरी तुटली आहे. दहा रुपयांची तार आणि एक प्रश्न, एवढ्यात निकाल.

आणि आटगावच्या आसपास, शहापूर-मुरबाडकडे, ती वायर तुटण्याचं एक कारण चार पायांचं असतं. भाताच्या या पट्ट्यात अंगणात पेंढा, शेजारी गाडी, रात्री इंजिन उबदार. उंदराला आणखी काय हवं? गणपतीचं वाहन आपल्या वाहनात मुक्कामाला येतं आणि दात शिवशिवले की वायर कुरतडतं. पावसाळ्यात भर पडते ती कपलरमध्ये शिरणाऱ्या पाण्याची. पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, वीज अडखळते आणि कॉम्प्युटर ते अडखळणं इमानाने कोड म्हणून लिहून ठेवतो.

या लिहून ठेवण्याचं मूळ, गंमत म्हणजे, अननसात आहे. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत आरी हागेन-स्मित नावाचे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ अननसाचा स्वाद नेमक्या कोणत्या द्रव्यांमुळे येतो हे शोधत होते. बाहेर लॉस एंजेलिसवर डोळ्यांची आग करणारा धुरकट पडदा पसरलेला. त्यांनी अननस बाजूला सारले आणि तीच हातोटी बाहेरच्या हवेवर वापरली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांशी झोंबून ओझोन तयार करतात. पुढे १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ कामाला लागलं, त्याचे पहिले अध्यक्ष तेच. याच मंडळाने १९८८ च्या गाड्यांपासून दंडक घातला, की गाडीने स्वतःवर स्वतःच पाळत ठेवावी. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना एकाच आकाराचं सोळा पिनांचं सॉकेट आणि एकच कोडभाषा सक्तीची झाली. आपल्याकडे ती पद्धत एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांत आली. स्टिअरिंगखाली गुडघ्याच्या वर हात घालून चाचपडा, ते सॉकेट सापडेल. काही शे रुपयांचा ब्लूटूथचा ठोकळा तिथे खोचला की मोबाइलवर गाडी बोलायला लागते. ठोकळ्याचा दिवाच लागला नाही तर आधी फ्यूज पाहा. पुष्कळ गाड्यांत तो चार्जरच्या सॉकेटशी सामाईक असतो.

म्हणजे डॅशबोर्डवरचा तो पिवळा इंजिनाचा दिवा मुळात धुराचा पहारेकरी आहे. तुमच्या सोयीसाठी तो तिथे बसवलेला नाही. ब्रेकचे लायनर घासून पत्रा झाले तरी तो पेटणार नाही. उलट गाडी लोण्यासारखी चालत असताना पेटेल, कारण धूर किंचित बिघडलाय. हे ध्यानात नसलं की माणूस एकतर उगाच घाबरतो, नाहीतर दिव्यावर चिकटपट्टी लावतो.

कोडाची रचना साधी आहे. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चेसिस आणि यू म्हणजे गाडीतल्या निरनिराळ्या कॉम्प्युटरांची आपसातली बोलणी. त्यापुढे शून्य असेल तर कोड बहुतेक जगभर सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. अक्षरासकट सगळा कोड सोळा बिटांत मावतो, म्हणजे एकूण ६५,५३६ कोड शक्य. रोजच्या कामात मात्र पन्नासएक ओळखीचे झाले तरी पुरे.

त्यातल्या पी०३०१ वर मी फिदा आहे. अर्थ : पहिला सिलिंडर मिस करतोय. आता सिलिंडरच्या आत बसून ठिणगी पाहणारा कुणी नाही. मग कॉम्प्युटरला कळतं कसं?

क्रँकशाफ्टवर दात्यांचं एक चाक असतं. अनेक इंजिनांत त्यावर साठ दात्यांची जागा असते आणि दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. अठ्ठावन्न दाते आणि एक खिंडार. खिंडार सेन्सरसमोरून गेलं की फेरी कुठून मोजायची ते ठरतं. इंजिन तीन हजार आरपीएमवर असेल तर सेकंदाला पन्नास फेऱ्या होतात, म्हणजे सेन्सरसमोरून सेकंदाला २,९०० दाते जातात. एक दाता येऊन दुसरा येईपर्यंतचा काळ सेकंदाच्या सुमारे तीनहजाराव्या भागाएवढा. प्रत्येक सिलिंडर पेटला की चाकाला हलकीशी ढकल मिळते. एखादा पेटला नाही तर ढकल चुकते आणि पुढचे काही दाते किंचित उशिरा पोचतात. कॉम्प्युटर तो उशीर मोजतो आणि पाळी कुणाची होती ते पाहून नाव लिहितो. भजनात टाळकऱ्यांच्या रांगेत एकाचा टाळ हुकला, तर पखवाजवाल्याला न पाहताही कळतं ना कोण चुकलं, तसंच. फक्त हा पखवाजवाला लोखंडाचा ठेका ऐकतो. डिझेल इंजिनात तर याच मोजणीवरून कोणत्या सिलिंडरला चिमूटभर डिझेल जास्त, कोणाला कमी, हेही चालता चालता जुळवलं जातं.

पण पुन्हा तेच. पहिला सिलिंडर चुकला एवढंच कळलं. ठिणगीमुळे, इंधनामुळे की कॉम्प्रेशन गेल्यामुळे, ते कोड सांगत नाही. पेट्रोल गाडीत इथे एक सुंदर युक्ती आहे. पहिल्या सिलिंडरची इग्निशन कॉइल काढून तिसऱ्याला लावा आणि तिसऱ्याची पहिल्याला. कोड पुसून गाडी फिरवा. आता कोड पी०३०३ आला तर चोर कॉइल, ती जिथे गेली तिथे चोरी गेली. पी०३०१ कायम राहिला तर कॉइल सुटली. मग प्लग, मग इंजेक्टर, याच रीतीने. खर्च शून्य. आणि मिस करताना दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याला आतून वितळवू शकतं.

जुने फिटर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावत आणि टॅपेट वाजतंय की बेअरिंग ते सांगत. पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर हुबेहूब तेच करतो. त्याच्या आतल्या स्फटिकावर हादरा आला की वीज निर्माण होते. कान गेला, स्फटिक आला, पद्धत मात्र तीच राहिली.

आता घाट. आटगाव सोडलं की खर्डी, कसारा आणि मग चढण. रेल्वेचा तिथला चढ ३७ ला १, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. रस्त्यावरच्या डिझेल गाडीचा बँकर म्हणजे तिचा टर्बो : बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर भिंगरी फिरवायची आणि तिने आत जादा हवा कोंबायची. वर इगतपुरी जवळपास सहाशे मीटरवर. तिथली हवा समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्के विरळ, आणि हे गाडीलाही कळतं, कारण हवेचा दाब मोजणारा सेन्सर तिच्यापाशी असतो. घाट चढलोय हे तिला नकाशाशिवाय ठाऊक असतं. (इगतपुरीला महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे, त्यामुळे काही गाड्यांसाठी ही चढण म्हणजे माहेरची वाट.)

समजा याच घाटात गाडीने अचानक पिकअप सोडला, मागे काळा धूर, दिवा पेटलेला. कोड पी०२९९ : टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. लगेच कुणीतरी म्हणतं, टर्बो गेला. टर्बोची किंमत ऐकून माणसाला घाटाशिवाय घाम फुटतो. थांबा. कोड लिहिताना कॉम्प्युटरने त्या क्षणाचा एक फोटोही काढून ठेवलेला असतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात : वेग किती, आरपीएम किती, इंजिनावर भार किती, पाणी किती तापलेलं. वेग कमी आणि भार जवळजवळ पूर्ण दिसला, तर बिघाड सपाटीवर न होता चढणीवर जोर पडल्यावर झाला हे उघड आहे. म्हणजे दाब वाढला की उघडी पडणारी एखादी भेग असणार. टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणारे रबरी होज तपासा. चिरलेल्या होजच्या तोंडाशी तेलकट ओल दिसते, ॲक्सिलेटर दिला की फुस्स आवाज येतो. निसटलेली क्लिप, चिरलेला पाइप, तुटलेली व्हॅक्यूमची नळी, धुळीने गच्च एअर फिल्टर, हे सगळं पाहून झाल्यावर मग टर्बोकडे वळायचं. वीटभट्ट्या आणि कच्चे रस्ते असलेल्या या भागात एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकाआधीच भरतो, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून कुणी स्कॅनर लावताच आधी 'डिलीट मारतो' म्हणाला की मला त्याचा हात धरावासा वाटतो. कोड पुसला की तो फोटोही पुसला जातो. पंचनाम्याआधी जागा धुऊन काढल्यासारखं ते आहे. आधी मोबाइलवर सगळं टिपून घ्या, मग पुसा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स डिझेल गाड्यांनी एक नवा कोड गावोगाव पोचवला : पी२४६३, फिल्टरमध्ये काजळी साठली. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. ती भरत आली की इंजिन जादा डिझेल वापरून तिला सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. पण त्यासाठी सलग धाव लागते. घर ते आटगाव स्टेशन, स्टेशन ते घर, मध्ये दहा मिनिटं चहाला इंजिन चालू, अशा गाडीची काजळी जळणार कधी? वेळेत इशारा मिळाला तर औषध एकच, हायवेवर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने चालवणं. मात्र ती जळत असताना गाडी पेंढ्यावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका. खाली पाइप किती तापलेला असतो ते वर आलंच आहे. काहीजण जाळीच काढून टाकतात. ते बेकायदा आहे आणि अननसवाल्या शास्त्रज्ञाच्या साऱ्या खटाटोपावर बोळा फिरवणारंही.

आणि एकदम आठ-दहा कोड आले, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, निम्मे यू अक्षराचे? मग कुठलाच सेन्सर उघडू नका. बॅटरी पाहा, तिचे टर्मिनल पाहा, बॉडीला घट्ट बसवायची अर्थिंगची पट्टी पाहा. स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली बसलं की गाडीतले सगळे कॉम्प्युटर एकाच वेळी ग्लानीत जातात आणि प्रत्येक जण शेजाऱ्याची तक्रार लिहितो, की हा उत्तर देत नाही.

दुरुस्तीनंतर दिवा लगेच विझला नाही तरी धीर धरा. बहुतेक बिघाड गाडीच्या सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय तो पेटतच नाही, आणि कोड न पुसता सोडला तर सलग तीन निर्दोष फेऱ्या झाल्याशिवाय विझत नाही. विझल्यावरही कोड आत जपलेला असतो, इंजिन चाळीस वेळा गार होऊन पुन्हा तापेपर्यंत. पेंढ्याच्या ढिगापासून चार हात लांब उभी केलेली ती गाडी रोज सकाळी एक आकडा कमी करत राहते : एकोणचाळीस, अडतीस, सदतीस.